क्लिकसरशी बदलणारे सर्च रिझल्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्चचे रिझल्ट माणसागणिक बदलतात, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. ते क्लिकागणिकही बदलू शकतात, हे तितकंसं ठाऊक नाही. खालचे प्रश्न मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहेत. पण लोक विचारताना दोन्हींची इतकी सरमिसळ करतात की पहिल्याला वगळून चालणार नव्हतं.

रिअल-टाइम वैयक्तिकरण म्हणजे नेमकं काय?

‘हिरकणी’ एवढा एकच शब्द टाकून सर्च करून बघा. रायगडावरचा बुरूज आणि त्यामागची कथा, एसटीची निमआराम बस, बसस्थानकातला स्तनपानासाठीचा कक्ष, शिवाय सिनेमा, असं सगळं एकाच यादीत दाटीवाटीने बसलेलं असतं. तुमच्या मनातली हिरकणी कोणती हे सर्च इंजिनला कळायला मार्ग नाही, म्हणून ते प्रत्येकीला थोडी थोडी जागा देतं.

आता तुम्ही त्यातल्या बसच्या वेळापत्रकावर क्लिक केलंत, तिथे मिनिटभर थांबलात आणि यादीकडे परत आलात. तुम्ही नवा शब्द टाइप केलेला नाही, तरी सिस्टिमला एक नवी गोष्ट कळली आहे. तिच्या आधारावर तिसऱ्या-चौथ्या पानावर पडून राहिलेली आरक्षणाची, थांब्यांची, तिकीटदराची पानं ती वर आणते आणि बुरुजाला खाली सरकवते. हे झालं रिअल-टाइम वैयक्तिकरण. यासाठी तुमचं नाव, वय किंवा गेल्या दिवाळीत काय खरेदी केलीत, यातलं काहीच लागलेलं नाही.

पण गूगल हे आधीपासून करतंच ना?

‘हे’ म्हणजे काय, त्यावर अवलंबून आहे. रिझल्ट बदलण्याची कारणं ढोबळमानाने तीन. पहिलं, तुम्ही कुठे आहात: नाशिकमध्ये ‘दंतवैद्य’ शोधणाऱ्याला नागपूरचे दवाखाने दाखवण्यात अर्थ नाही. दुसरं, तुमचा साठवलेला इतिहास: महिनोन्महिने काय शोधलंत, कुठे क्लिक केलंत. तिसरं, आत्ता चालू असलेलं सत्र: गेल्या पाच-दहा मिनिटांत काय केलंत.

बाहेर चर्चा होते ती बहुतेक दुसऱ्याची. प्रत्यक्षात रिझल्टमध्ये सगळ्यात जास्त फरक पडतो तो पहिल्यामुळे. आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी, शिवाय सगळ्यात कमी त्रासदायक आहे ते तिसरं. हे मत पुढच्या उत्तरांमध्येही डोकावत राहील, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

असं वेगळं सॉफ्टवेअर खरंच होतं का?

होतं. कॅलिफोर्नियातल्या सर्फ कॅन्यन या छोट्या कंपनीने २००८मध्ये ब्राउझरला जोडायचं एक एक्स्टेन्शन आणलं. मार्क क्रेमर हे तिचे प्रमुख. या कंपनीने स्वतःचं सर्च इंजिन उभारलं नव्हतं. तुम्ही नेहमीसारखं गूगल किंवा याहूवर शोधायचं आणि एक्स्टेन्शनने तुमच्या क्लिककडे लक्ष ठेवायचं. एखादा रिझल्ट उघडून तुम्ही परत आलात की त्याच रिझल्टखाली, थोडे आत सरकवलेले, दोन-तीन नवे दुवे हजर असत. ते मागच्या पानांवरून, म्हणजे तुम्ही कधी पोहोचलाच नसतात अशा जागेवरून, उपसून आणलेले असत. काही दुव्यांशेजारी नेमबाजीच्या लक्ष्यासारखं एक चिन्ह दिसे. ते दाबलं की ‘याच्यासारखं अजून दाखव’ असा अर्थ होई.

लग्नाच्या खरेदीला साडीच्या दुकानात गेल्यावर गादीवरचा माणूस काय करतो ते आठवा. तो आधी आठ-दहा प्रकार पुढ्यात टाकतो. तुमचा हात हिरव्या नारळी काठावर जरा रेंगाळला, की तो पोऱ्याला खुणावतो आणि वरच्या फळीवरून तसल्याच पाच-सहा घड्या खाली येतात. त्याने तुम्हाला पूर्वी कधी पाहिलेलं नसतं आणि तुम्ही दुकानाबाहेर पडलात की तो हिरवा रंग विसरूनही जातो. सर्फ कॅन्यनची मूळ कल्पना हीच होती.

मग अशी एक्स्टेन्शन आज घरोघरी का नाहीत?

दुसऱ्याच्या पानावर आपलं दुकान मांडण्याचे तोटे असतात. सर्च इंजिनने आपल्या पानाची रचना जरा बदलली की एक्स्टेन्शन मोडतं. शोधाशोध मोबाइलवर सरकली आणि अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालतच नाहीत. भारतात तर बहुतेकांचा पहिला संगणक म्हणजे फोनच. त्यात ही कल्पना चांगली आहे हे मोठ्या कंपन्यांच्याही लक्षात आलं होतं.

आतून हे कसं चालतं? गणित येत नाही, तरी समजेल का?

समजेल. यातली मूळ कल्पना वेबपेक्षा जुनी आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेरार्ड सॉल्टन यांच्या गटाने १९६०च्या दशकात ‘स्मार्ट’ नावाची शोधप्रणाली बांधली. तिच्यासाठी रोक्कियो या संशोधकाने सुचवलेली एक पद्धत १९७१मध्ये एका पुस्तकात प्रसिद्ध झाली आणि आजही ती शिकवली जाते.

ती अशी. प्रत्येक पान म्हणजे शब्दांची एक यादी समजा, ज्यात प्रत्येक शब्दाला वजन आहे. पानात वारंवार येणारा पण इतरत्र क्वचित दिसणारा शब्द जड, ‘आणि’, ‘आहे’ यांसारखे शब्द जवळपास बिनवजनाचे. तुमचा प्रश्नही अशीच एक यादी, फक्त फार छोटी: ‘हिरकणी’ असा एकच शब्द. तुम्ही एखादं पान पसंत केलंत, की त्या पानातल्या जड शब्दांचा काही अंश तुमच्या प्रश्नात मिसळायचा. नापसंत पानातल्या शब्दांचा काही अंश वजा करायचा. पाठ्यपुस्तकांत नेहमी दिसणारं प्रमाण म्हणजे मूळ प्रश्नाला १, पसंत पानांच्या सरासरीला ०.७५ आणि नापसंत पानांच्या सरासरीला ०.१५. नापसंतीला वजन कमी, कारण माणसाला काय नकोय यावरून काय हवंय ते फारसं कळत नाही.

म्हणजे बसच्या वेळापत्रकावर क्लिक झाल्यावर तुमचा प्रश्न आतल्या आत ‘हिरकणी + आगार + थांबा + आरक्षण + निमआराम’ असा फुगतो. तुम्हाला मात्र वर अजूनही ‘हिरकणी’ एवढंच दिसत असतं.

जुन्या पद्धतीत वापरणाऱ्याला प्रत्येक पानावर ‘उपयोगी’ किंवा ‘निरुपयोगी’ अशी खूण करावी लागे. कोण करणार? ग्रंथालयातला संशोधक करेल, जेवणाच्या सुट्टीत बसची वेळ बघणारा करणार नाही. रिअल-टाइम सॉफ्टवेअरने ती खूण काढून टाकली आणि वागण्यावरूनच अंदाज बांधायला सुरुवात केली. कशावर क्लिक झालं, तिथे किती वेळ गेला, लगेच माघारी आलात का, कोणता रिझल्ट ओलांडून खालच्यावर गेलात, पुढचा प्रश्न टाकताना कोणता शब्द जोडलात. यातला शेवटचा इशारा सगळ्यात जोरकस, आणि त्याचं आश्चर्य वाटायला नको, कारण तिथे माणूस स्वतःच्या तोंडाने सांगत असतो.

आता शब्दांच्या वजनांऐवजी बहुतेक ठिकाणी अर्थाचे आकडे वापरतात. ‘तिकीट’ आणि ‘आरक्षण’ हे वेगळे शब्द असले तरी जवळचे आहेत, हे त्या आकड्यांना कळतं. पण सांगाडा रोक्कियोचाच आहे: आवडलेल्याकडे प्रश्नाला थोडं ओढायचं.

दर क्लिकला सगळं वेब नव्याने तपासतात का?

नाही, तेवढा वेळ नसतो. पहिल्याच वेळी काढलेले काहीशे रिझल्ट हाताशी ठेवतात आणि प्रत्येक क्लिकनंतर फक्त तेवढेच नव्या क्रमाने लावतात. म्हणून हे काम डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं आणि तुमच्या ब्राउझरमध्येही होऊ शकतं. याची मर्यादाही इथेच आहे: त्या काहीशेंत नसलेलं पान कितीही क्लिक केलं तरी वर येणार नाही.

एका क्लिकवरून असं काय कळणार? आणि चुकून क्लिक झालं असेल तर?

ही शंका अगदी रास्त आहे. कॉर्नेलमध्येच थॉर्स्टन जोआकिम्स आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये यावर एक मजेशीर प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपत त्यांना गूगलचे रिझल्ट दाखवले. मात्र काहींच्या बाबतीत पहिल्या दोन रिझल्टची अदलाबदल केली, काहींना तर सगळी यादीच उलटी करून दिली. तरी पोरांची क्लिक वरच्या रिझल्टकडेच झुकलेली राहिली. ‘गूगलने वर ठेवलंय म्हणजे तेच बरं असणार’ हा भरवसा.

म्हणून पहिल्या रिझल्टवरचं क्लिक स्वस्त असतं. पण कोणी पहिले तीन वाचून, सोडून, चौथ्यावर क्लिक केलं तर ते महाग. चौथा रिझल्ट वरच्या तिघांपेक्षा बरा वाटला, एवढं त्यातून खात्रीने म्हणता येतं. चांगलं सॉफ्टवेअर क्लिककडे असं तुलनेने बघतं. नुसतं मोजणारं सॉफ्टवेअर आपल्याच क्रमवारीला आपणच शाबासकी देत बसतं.

चुकीच्या क्लिकवर उपाय म्हणजे घड्याळ. पान उघडून साधारण ३० सेकंद तरी वाचलं गेलं तर समाधान झालं असावं, असा एक संकेत या क्षेत्रात बराच रुळला आहे. तीन सेकंदांत परत आलात तर ते क्लिक बाद, किंवा उलट्या बाजूने धरायचं. हा संकेतही आंधळेपणाने वापरण्यात अर्थ नाही. ‘आजचा सोन्याचा भाव’ बघायला पाच सेकंद पुरतात आणि माणूस खूश होऊन परत येतो.

माझा जुना इतिहास जास्त कामाचा, की आत्ताचं सत्र?

यावर मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांचा २०१२चा एक अभ्यास आहे. सत्राच्या सुरुवातीला, जेव्हा तुम्ही अजून काहीच केलेलं नसतं, तेव्हा जुना इतिहास बराच उपयोगी पडतो. पण शोध लांबत गेला की फायद्याचा मोठा वाटा चालू सत्रातून येतो. विचार केला तर हे उघडच आहे. तुम्ही गेली पाच वर्षं क्रिकेटचे स्कोअर बघत असाल, पण आज आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल शोधताय, तर ती पाच वर्षं कुचकामी.

त्याच्या आधी, २००७मध्ये, आणखी एक महत्त्वाची गोष्ट समोर आली होती: वैयक्तिकरण सगळ्याच प्रश्नांना मानवत नाही. जिथे वेगवेगळी माणसं वेगवेगळ्या रिझल्टवर क्लिक करतात, तिथे त्याने फायदा होतो, ‘हिरकणी’ त्यातलाच. जिथे जवळपास सगळे एकाच दुव्यावर जातात, तिथे ढवळाढवळ केली तर रिझल्ट बिघडूही शकतात. ‘आयआरसीटीसी’ टाकणाऱ्या प्रत्येकाला तीच एक साइट हवी असते. तिथे तुमची आवडनिवड कोणी विचारलेली नाही.

मी मध्येच विषय बदलला तर गोंधळ होत नाही का?

होतो. मुलाच्या प्रकल्पासाठी ‘शिवनेरी’ किल्ल्याची माहिती बघत होतात आणि मध्येच दादरहून पुण्याला जायचं ठरलं म्हणून पुन्हा ‘शिवनेरी’ टाकलंत, तर सिस्टिम बिचारी बसऐवजी जुन्नरलाच घेऊन जाईल. उपाय दोन. अर्धा तास काही हालचाल नसेल तर सत्र संपलं असं धरण्याची रीत आहे. शिवाय नव्या प्रश्नाचा मागच्यांशी काही मेळ बसत नसेल तर जुनं वजन झपाट्याने उतरवतात. दोन्ही उपाय वरच्या उदाहरणात फसतात, कारण शब्द तोच आहे. अशा वेळी ‘शिवनेरी बस’ असं टाइप करणं सगळ्यात सोपं. यंत्राने ओळखावं म्हणून वाट बघत बसण्यापेक्षा एक शब्द जास्त लिहिणं केव्हाही बरं.

यादी डोळ्यांदेखत हलली तर चिडचिड होईल ना?

होतेच. याहूच्या नोंदींवर झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं होतं की सुमारे ४० टक्क्यांपर्यंत शोध हे पूर्वी सापडलेलं पुन्हा शोधण्यासाठी असतात. ‘मघाशी तिसऱ्या नंबरवर होतं’ हे आपल्याला आठवत असतं आणि आपण तिथेच बघतो. ते तिथून हललेलं असेल तर हरवल्यासारखं वाटतं. म्हणूनच वर वाचलेलं जागच्या जागी ठेवून नवे दुवे फक्त क्लिक केलेल्या रिझल्टखाली घुसवायचे, ही सर्फ कॅन्यनची युक्ती मला फार शहाणपणाची वाटते. क्रमवारीचं गणित जमलेली सॉफ्टवेअर पुष्कळ असतात, माणसाच्या सवयीचा मान राखणारी कमी.

गूगलने हे कधी सुरू केलं?

टप्प्याटप्प्याने. स्टॅनफर्डमधल्या तिघा संशोधकांनी २००३मध्ये काल्टिक्स नावाची कंपनी काढली. पेजरँकचा, म्हणजे दुव्यांवरून पानाचं महत्त्व मोजण्याच्या गूगलच्या पद्धतीचा, हिशेब इतका वेगाने करायचा की प्रत्येक माणसाच्या आवडीनुसार वेगळी क्रमवारी काढता यावी, असा तिचा उद्देश होता. काही महिन्यांतच गूगलने ती विकत घेतली. २००४मध्ये गूगल लॅब्ज या प्रयोगांच्या विभागात वैयक्तिक सर्चचा प्रयोग झाला. त्यात आवडीचे विषय आपणच टिचक्या मारून निवडायचे होते. २००५पासून सर्च हिस्टरीवर आधारित पद्धत आली. खरी उडी ४ डिसेंबर २००९ची: त्या दिवसापासून लॉग-इन न केलेल्यांचेही रिझल्ट, कुकीमध्ये, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीत, साठवलेल्या १८० दिवसांच्या हालचालींवरून, बदलू लागले. तोवर हा प्रकार मागणाऱ्यांपुरता होता. त्यानंतर तो न मागणाऱ्यांनाही लागू झाला.

क्षणाक्षणाचं वैयक्तिकरण उघडपणे मिरवलं ते मात्र रशियाच्या यांडेक्स या सर्च कंपनीने. डिसेंबर २०१२मध्ये त्यांनी ‘कॅलिनिनग्राड’ या नावाने दीर्घकालीन आवडीवर चालणारी पद्धत आणली आणि मे २०१३मध्ये ‘डब्लिन’, जी काही सेकंदांपूर्वीच्या हालचालीही लक्षात घेई.

मग आपण प्रत्येक जण आपापल्या बुडबुड्यात अडकलोय का?

‘फिल्टर बबल’ ही कल्पना एली पॅरिसर यांनी २०११मध्ये लोकांपुढे आणली. सगळ्यांना आपल्याच मताचं दिसत राहील आणि समाजाला सामायिक असं काही उरणार नाही, ही त्यांची भीती. भीती खोटी नव्हती, पण सर्चपुरती ती बरीच फुगवली गेली असं मला वाटतं.

नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३मध्ये २०० खऱ्या माणसांच्या खात्यांवरून गूगलचे रिझल्ट तपासले. वैयक्तिकरणामुळे सरासरी ११.७ टक्के रिझल्टमध्ये फरक पडत होता. ठळक परिणाम दिसला तो दोनच गोष्टींचा: खात्यात लॉग-इन आहे की नाही, आणि इंटरनेटचा पत्ता कुठला आहे. २०१८मध्ये खुद्द गूगलनेही सांगितलं की सर्चमधलं वैयक्तिकरण अगदी हलकं आहे आणि ते प्रामुख्याने लोकेशन किंवा लगेच आधीच्या शोधावर चालतं. त्याच वर्षी डकडकगो या प्रतिस्पर्धी सर्च इंजिनने आपल्या पाहणीतून याच्या उलट निष्कर्ष काढला होता. दोन्ही बाजूंचा यात धंदा आहे, तेव्हा दोघांचं ऐकताना थोडं हातचं राखून ऐकावं.

बुडबुडा बघायचाच असेल तर व्हिडिओ आणि रील्सच्या फीडमध्ये बघा. तिथे तुम्ही काही विचारत नाही, नुसते वाढलेलं खात राहता. सर्चमध्ये निदान प्रश्न तुमचा असतो, आणि तो बदलायची मुभाही.

मी आणि बायकोने शेजारी बसून तेच शोधलं, तरी रिझल्ट वेगळे का आले?

लगेच हेरगिरीचा संशय नको. एकाचा फोन वायफायवर आणि दुसऱ्याचा मोबाइल डेटावर असेल तर लोकेशनचा अंदाज वेगळा येतो. मोबाइल कंपनीचा पत्ता कधी कधी थेट दुसऱ्या शहराचा निघतो. भाषेचं सेटिंग वेगळं असू शकतं. दोन विनंत्या दोन वेगळ्या डेटा सेंटरकडे गेलेल्या असू शकतात आणि तिथल्या नोंदी क्षणभर पुढेमागे असतात. शिवाय सर्च कंपन्या सतत प्रयोग करत असतात, त्यातल्या एकात तुम्ही आणि दुसऱ्यात त्या असू शकता. हे सगळं वजा करून जे उरेल ते वैयक्तिकरण.

माझ्या दुकानाची वेबसाइट माझ्या फोनवर पहिली येते, गिऱ्हाइकांना मात्र दिसत नाही. असं का?

तुम्ही दुकानातच बसून शोधताय आणि रोज स्वतःच्याच दुव्यावर क्लिक करताय, म्हणून. सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात सरासरी स्थान बघा, तो आकडा सगळ्यांच्या शोधांवरून निघतो. ‘पहिल्या नंबरवर आणून देतो’ म्हणणारा एजंट पुरावा म्हणून तुमच्याच फोनचा स्क्रीनशॉट दाखवत असेल तर त्याला चहा पाजून निरोप द्या.

मराठीत शोधताना याचा फायदा होतो का?

इंग्रजीपेक्षा जास्त व्हायला हवा, होतो मात्र कमी. मराठी आणि हिंदीची लिपी एकच, आणि एक-दोन शब्दांच्या शोधात भाषा ओळखायला फारसा पुरावा नसतो. म्हणून देवनागरीत टाकलं तरी हिंदी पानांचा लोंढा येतो. चालू सत्र इथे खरं कामाला यावं: माणसाने सलग दोनदा हिंदी पानं ओलांडून मराठी पान उघडलं, यापेक्षा स्पष्ट इशारा कोणता हवा? पण वर आणायला मराठीत पुरेशी चांगली पानंच नसतील तर क्रम लावून लावून किती लावणार?

तोवर एक साधा उपाय. शोधात मराठी वळणाचे शब्द ठेवा. ‘सातबारा डाउनलोड’पेक्षा ‘सातबारा कसा काढायचा’ असं विचारा. प्रत्यय आणि क्रियापदं भाषेची ओळख पटवतात. सर्चच्या सेटिंगमध्ये निकालांची भाषा म्हणून मराठी जोडून ठेवा, हेही बरेच जण करत नाहीत.

यात माझ्या खासगीपणाचं काय?

इथे सत्र आणि इतिहास यांतला फरक सगळ्यात महत्त्वाचा ठरतो. सत्रावर चालणारं सॉफ्टवेअर तत्त्वतः सगळं तुमच्याच ब्राउझरमध्ये ठेवून, टॅब बंद होताच पुसून टाकू शकतं. इतिहासावर चालणाऱ्याला तो कुठेतरी साठवावाच लागतो, आणि साठवलेलं कधी ना कधी सांडतं.

ऑगस्ट २००६मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने सुमारे साडेसहा लाख लोकांचे तीन महिन्यांतले जवळपास दोन कोटी शोध संशोधनासाठी म्हणून जाहीर केले. नावं काढून त्या जागी क्रमांक घातले होते. पत्रकारांनी नुसत्या शोधांवरून एका वृद्ध बाईंचं घर गाठलं. माणूस आपलं आडनाव, आपली गल्ली, आपली दुखणी सगळं शोधत असतो. नाव खोडल्याने काय होणार?

एक्स्टेन्शनबाबत वेगळी खबरदारी घ्या. रिझल्ट हलवणाऱ्या कोणत्याही एक्स्टेन्शनला पान वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी लागतेच. पण ती फक्त सर्चच्या साइटसाठी मागितली आहे की सगळ्या साइटसाठी, ते जोडताना वाचा. सगळ्यांसाठी असेल तर तुमच्या बँकेचं पानही त्यात आलं. आणि लोकप्रिय झालेली एक्स्टेन्शन विकलीही जातात. नवा मालक कोण, हे तुम्हाला कोणी कळवत नाही.

इनकॉग्निटोमध्ये शोधलं तर वैयक्तिकरण बंद होतं का?

इनकॉग्निटो म्हणजे ब्राउझरची खासगी खिडकी. तिथे जुना इतिहास बाजूला राहतो. लोकेशन मात्र बाजूला पडत नाही, ते धरलं जातंच. आणि खिडकी उघडी असेपर्यंत चालू सत्र मोजलं जाऊ शकतं.

गूगलमध्ये हे बंद कसं करायचं?

खात्यातल्या ‘वेब आणि ॲप ॲक्टिव्हिटी’मध्ये साठवण थांबवता येते, किंवा ३, १८ वा ३६ महिन्यांनी आपोआप पुसण्याची सोय लावता येते. जून २०२०पासून नव्या खात्यांना १८ महिने हेच मूळ सेटिंग आहे. जुनं खातं असेल तर ते कदाचित अजून सगळं जपून ठेवत असेल, एकदा बघून घ्या. सर्चच्या सेटिंगमध्ये वैयक्तिक रिझल्टचं वेगळं बटणही आहे. आणि रिझल्ट वैयक्तिक केलेले असतील तेव्हा पानाच्या तळाशी तशी सूचना आणि त्याविना बघण्याचा दुवा दिसतो. तळापर्यंत कोणी जात नाही, हे त्यांनाही माहीत आहे.

कायदा काय म्हणतो?

भारताचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संमती, ती मागे घेण्याचा हक्क आणि डेटा पुसून मागण्याचा हक्क त्यात आहे. १८ वर्षांखालच्या मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई आहे. सरकारने दिलेल्या सवलती वगळून. मात्र ‘मला वैयक्तिकरणाशिवायची यादी द्या’ असं थेट मागायची सोय आपल्याकडे नाही. युरोपच्या डिजिटल सेवा कायद्यात मोठ्या प्लॅटफॉर्मना आणि सर्च इंजिनांना, त्यांच्या शिफारस करणाऱ्या यंत्रणांसाठी, व्यक्तिचित्रणावर न बेतलेला एक तरी पर्याय देणं बंधनकारक आहे. आपल्याकडेही ते यायला हवं.

आता एआयच उत्तर देतं, मग या सगळ्याची गरज उरली का?

उलट वाढली. चॅटमध्ये तुम्ही ‘हिरकणी’ विचारता, मग ‘बसबद्दल सांग’ म्हणता, मग ‘पुण्याहून सुटणारी’. प्रत्येक वाक्याबरोबर आधीचं सगळं संभाषण सोबत जातं. हे सत्रावर आधारित वैयक्तिकरणच झालं, फक्त क्लिकच्या जागी वाक्यं आली. फरक असा की यादीत बुरूज खाली का होईना दिसत राहायचा. चॅटने एकदा बस धरली की बुरूज पडद्यावरून नाहीसाच होतो, आणि त्याची चूक झाली असेल तर ती तुमच्या ध्यानातही येत नाही.

आमच्या साइटवरच्या सर्चमध्ये हे बसवायचं आहे. कुठून सुरुवात करू?

पुस्तकांचं दुकान, वाचनालय, वर्तमानपत्राचा जुना संग्रह, अशा साइटवर हे वेबपेक्षा सोपं जातं, कारण माल तुमचाच असतो. साइटवर सर्च बसवण्यासाठीचं इलॅस्टिकसर्च हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर वरच्या काहीशे निकालांना पुन्हा गुण देण्याची आणि ‘यासारखं अजून’ शोधण्याची सोय त्यात तयार मिळते. सत्रातल्या शेवटच्या दोन-तीन क्लिकमधले जड शब्द घ्या, मूळ प्रश्नाला जोडा, वजन कमीच ठेवा. लॉग-इन मागू नका, त्याची गरज नाही.

मराठी मजकूर असेल तर आधी शब्दरूपांचा बंदोबस्त करा. ‘घर’, ‘घरात’, ‘घराचा’, ‘घरांमधून’ हे तुमच्या सर्चला वेगवेगळे शब्द वाटत असतील तर वैयक्तिकरणाचा मजला चढवून उपयोग नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आणि रोमन लिपीत टाइप करणारेही त्यात धरा.

मग तपासणी. जुनी आणि नवी क्रमवारी एकाआड एक मिसळून एकच यादी दाखवा आणि क्लिक कोणाच्या वाट्याला जास्त येतात ते मोजा. अर्ध्या लोकांना एक आणि अर्ध्यांना दुसरी यादी देण्यापेक्षा कमी वाचकांत निकाल लागतो. मराठी साइटला एवढी गर्दी नसते, तेव्हा ही पद्धतच परवडते. जुन्या आणि नव्यात फरक दिसला नाही तर नवं काढून टाका आणि तो वेळ शब्दरूपांवर घाला.